‘नुसते पेपर सोडवा, बाकी सगळा वेळकाढूपणा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: प्रवेश परीक्षेच्या गणितासाठी चुकांची वर्गवारी वगैरे करत बसण्यात अर्थ नाही, घड्याळ लावून जुने पेपर सोडवत राहिलं की गुण आपोआप वाढतात, आणि उरतात त्या ‘सिली मिस्टेक’, त्यांना औषध नाही.

जुने पेपर हवेतच, त्यावर वाद नाही. पण ६० पैकी ३४ बरोबर आले, यातून गाडी कुठे अडली ते कळत नाही. शिवाय त्या ३४ मध्ये तुक्के किती? चार पर्यायांच्या १२ प्रश्नांवर डोळे झाकून खुणा केल्या तरी सरासरी ३ लागतात. म्हणून पेपर सोडवतानाच तुक्क्याच्या प्रश्नापुढे ‘तु’ लिहायचं आणि तो बरोबर आला तरी चुकलेल्यांतच धरायचा.

पेपर झाल्यावर तपासणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, आणि त्यांनी फक्त बरोबर-चूक एवढंच सांगावं. योग्य पर्याय एकदा दिसला की आपण उत्तराकडून मागे येत गणित जुळवतो आणि ‘हे तर येत होतं’ असं वाटायला लागतं. मग चुकलेले आणि सोडून दिलेले प्रश्न घड्याळ न लावता, वेगळ्या शाईने पुन्हा सोडवा. काही आता सुटतात: तिथे अडचण वेळेची किंवा घाईची. काहींना हातच लागत नाही: तो भाग कच्चा. आणि काहींचं तेच चुकीचं उत्तर पुन्हा येतं. खरी धास्ती यांची, कारण इथे विद्यार्थ्याला आपलं बरोबर असल्याची खात्री असते.

उदाहरण घ्या: √(क्ष + ३) = क्ष − ३. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ७क्ष + ६ = ०, म्हणून क्ष = १ किंवा ६. पण १ घालून पाहा: डावीकडे २, उजवीकडे −२. उत्तर फक्त ६. पेपर काढणारा ‘१ आणि ६’ हा पर्याय मुद्दाम ठेवतो. ही ‘सिली’ चूक आहे का, ते ओळखायला जुळं गणित द्या: √(२क्ष + ७) = क्ष + २. इथे १ आणि −३ येतात, −३ टिकत नाही. तिथेही −३ ठेवला, तर तो धांदरटपणा नव्हे. वर्ग केल्याने उपरी उत्तरं घुसतात हेच माहीत नाही. अशाला आणखी दहा पेपर दिले तर तो दहा वेळा तीच चूक घोटून पक्की करेल.

खरी धांदलही बहुतेक ठरलेल्या जागी होते. ५ − २(क्ष − ३) चं ५ − २क्ष − ६ करणारा बहुधा दर वेळी कंसाबाहेरच्या वजापाशीच घसरतो. ‘लक्ष दे’ म्हणून काही होत नाही. कंस सोडवण्याची पायरी स्वतंत्र ओळीत लिहायची सक्ती करा आणि अशी ८-१० उदाहरणं रोज, आठवडाभर. याला औषध नाही म्हणणं मला पटत नाही.

चुका नोंदवायच्या वहीत धड्याचं नाव लिहून भागत नाही, पहिली चुकलेली ओळ उतरवायची. ‘इंटिग्रेशन कच्चं’ अशी नोंद असते आणि ओळ पाहावी तर छेदाचे अवयव चुकलेले. मग आठवडा इंटिग्रेशनवर जातो आणि दुखणं तसंच.

निगेटिव्ह मार्किंग असेल तर तुक्का मारूच नये, हेही सरसकट खरं नाही. चार पर्यायांत बरोबरला +४, चुकीला −१ असेल तर आंधळ्या तुक्क्याची सरासरी +०.२५ पडते, +१, −१/३ असेल तर शून्य. एक पर्याय खात्रीने बाद झाला की दोन्हीकडे फायद्याचं.

तुमची पद्धत जिथे चोख लागू पडते ती जागाही सांगतो. दुसऱ्या प्रयत्नात बहुतेक प्रश्न सुटत असतील, तर त्या मुलाला वही नको. त्याला घड्याळ लावून पेपरच द्या, फक्त रोज नको; तीन तासांच्या पेपराच्या छाननीला जवळपास तेवढाच वेळ लागतो.