मावशीचं इन्सुलिन आणि ‘शेवटचा न्याय’

‘शेवटचा न्याय सुरू झाला आहे’ हा मेसेज आमच्या नात्यागोत्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरून झालाय. मी वाचून सोडून दिला असता. पण तो नाशिकच्या शरणपूरला मावशीच्या फोनवर पोचला. तिला जुना मधुमेह, त्यात पायाची जखम भरत नाही. मला म्हणाली, “देव माझा हिशोब इथेच चुकता करतोय, मग इन्सुलिन घेऊन त्याच्या आड कशाला यायचं?” आता मात्र उत्तर द्यायलाच हवं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आजार आणि पूर ही पाप्यांना मिळालेली शिक्षा, आजाऱ्याने औषध बाजूला ठेवून आधी पापाची कबुली द्यावी, जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा न्याय करणार तो दिवस याच वर्षी, आधार कार्ड म्हणजे बायबलच्या प्रकटीकरण पुस्तकातली श्वापदाची खूण, म्हणजे 666, आणि न्याय व्हायचा तो बाहेरच्यांचा, विश्वासणारे सुटले.

आधी आजार आणि पूर. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडा. रोमी सुभेदार पिलाताने गालील प्रांतातली काही माणसं यज्ञ करत असताना मारली, ही बातमी घेऊन लोक येशूकडे आले. त्याने स्वतःहून दुसरी घटना काढली: शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते का? प्रश्नही त्याचाच आणि उत्तरही त्याचंच: नाही. पुढचं वाक्य कडक आहे, पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल. पण ते समोर उभं राहून ऐकणाऱ्यांना आहे, ढिगाऱ्याखालच्यांना नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बोट बरोबर उलट्या दिशेला वळवलं.

गोदावरीचंही तेच. 2019 च्या पुरात नाशिकच्या नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं, काठावरच्या टपरीवाल्यांचं होतं नव्हतं ते गेलं. उंचावरच्या सोसायट्या कोरड्या राहिल्या. पाप काय फक्त तळमजल्यावर राहतं?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? दोघांचंही नाही, असं उत्तर योहान 9 मध्ये आहे. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र राखेत बसलेल्या त्या दुःखी माणसाला अख्खं पुस्तकभर हाच मेसेज ऐकवत राहिले, आणि शेवटी देवाचा राग त्या मित्रांवरच झाला.

एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की तुमच्यात पुष्कळ जण अशक्त आणि आजारी आहेत ते प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या भोजनाच्या, अपमानामुळे. हे 1 करिंथ 11 मध्ये आहे, झाकून चालणार नाही. पण अपमान कसला? खातेपिते आधी जेवून घेत, काही तर झिंगत, आणि गरीब उपाशी राहत. पौल ते अख्ख्या मंडळीला सुनावतो. एकट्या आजारी बाईला गाठून ‘हे तुझ्या पापाचं फळ’ असं तो म्हणत नाही. औषध थांबवा तर नाहीच नाही. याच पौलाच्या सोबतीला लूक होता, आणि तो त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

आता खुद्द न्यायाचं दृश्य, मत्तय 25. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. राजा काय विचारतो? मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तेव्हा तुम्ही काय केलंत? म्हणजे त्या दिवशी आजारी माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात नाही. न्यायाधीश स्वतःच म्हणतो, तो आजारी मीच होतो. खाटेवरच्या माणसाला भेटायला न जाता त्याला धमकीचा मेसेज पाठवणाऱ्याने हा अध्याय एकदा सावकाश वाचावा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्यासारखं नाही. तारखेबद्दल मार्क 13 म्हणतो की तो दिवस पुत्रालाही, म्हणजे येशूलाही, ठाऊक नाही. मेसेजवाल्याला कळला, आनंद आहे. अमेरिकेत उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ठरवली होती. तिथल्याच रेडिओ उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011 सांगितली, ती टळल्यावर 21 ऑक्टोबर. दोन्ही दिवस येऊन गेले.

आधार कार्डाचं काय बोलावं! प्रकटीकरण हे रोमी सत्तेखालच्या आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांना लिहिलेलं पुस्तक. 666 म्हणजे सम्राट नीरोच्या नावाची आकड्यांतली बेरीज, असं बरेच अभ्यासक मानतात. काही जुन्या हस्तलिखितांत तर आकडा 616 आहे. रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनशी त्याचा संबंध जोडायला पुष्कळच कल्पनाशक्ती लागते.

आणि ‘विश्वासणारे सुटले’? जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय, असं आपण मतांगिकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, म्हणतो, त्यात आपल्याला सूट दिलेली नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय तर सांगतो की न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासूनच, म्हणजे विश्वासणाऱ्यांपासूनच, होते. तेव्हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी रांगेत आपला नंबर कुठे लागतो ते बघून ठेवावं.