‘त्झू’ हे आडनाव नव्हे

‘नाव लाओ, आडनाव त्झू. जन्म इ.स.पू. 604. चीनच्या दरबारी ग्रंथालयाचा प्रमुख. राजानं खूश होऊन त्याला सम्राट ही पदवी दिली. उदास असाल तर तुम्ही भूतकाळात जगताय, हे त्याचंच वचन.’ सुप्रभातच्या फुलांसोबत प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओ त्झूबद्दलची ही माहिती फिरत असते. यातलं ग्रंथालयाचं तेवढं परंपरेला धरून आहे.

आधी आडनाव. चिनी नावात आडनाव सुरुवातीला असतं. शेवटचं ‘त्झू’ म्हणजे आचार्य. सुन त्झू, च्वांग त्झू या चिनी विचारवंतांनाही तेच लागतं. ते आडनाव धरलं तर ही सगळी मंडळी भाऊबंद ठरतील! इ.स.पू. 100 च्या सुमारास इतिहासकार सिमा छ्येननं नोंदवलंय: घराणं ली, नाव अर. ‘लाओ’ म्हणजे वृद्ध. आता इतर आचार्यांच्या नावात आधी घराणं येतं, म्हणून ‘लाओ’ हेच घराणं असावं, असं काही चिनी अभ्यासक म्हणतात. तो वाद रास्त आहे. ‘त्झू’बद्दल मात्र वादच नाही.

जन्मसाल? सिमा छ्येन ते देतच नाही. उलट आणखी दोन उमेदवार पुढे करतो. त्यातला एक कन्फ्यूशियसच्या मृत्यूनंतर 129 वर्षांनी छिन राज्याच्या राजाला भेटलेला. हाच लाओ त्झू की नाही, हे जगात कुणाला ठाऊक नाही, असं लिहून तो मोकळा होतो. त्याला न सापडलेलं साल आपल्याकडे मोबाइलवर येतं.

खरी गंमत पदवीत आहे. ‘ह्वांगती’, म्हणजे सम्राट, ही पदवी मिळाली खरी, पण इ.स. 666 मध्ये, परंपरेचा काळ धरला तरी हजारावर वर्षांनी! देणारा थांग घराण्याचा सम्राट काओत्सुंग. या घराण्याचं आडनावही ली, आणि लाओ त्झू आपला मूळपुरुष, असा त्यांचा दावा. थायशान पर्वतावरचे विधी आटोपून परतताना काओत्सुंग त्याच्या देवळात गेला आणि ‘थायशांग श्वानयुआन ह्वांगती’ असा किताब देऊन आला. पूर्वजाला सम्राट केलं की वारसाची गादी आपोआप पवित्र होते. दरबाराला हे इतकं मानवलं की 742 मध्ये त्याच ताओ परंपरेतल्या च्वांग त्झूलाही ‘नानह्वा चनरन’, म्हणजे नानह्वाचा सिद्धपुरुष, हा किताब मिळाला. गुणगौरव कसला, घराण्याचं राजकारण होतं ते.

राहिलं वचन. लाओ त्झूच्या नावावर असलेलं ‘ताओ ते चिंग’ हे पुस्तक जेमतेम पाच हजार चिनी अक्षरांचं आहे, दुपारभरात वाचून होतं. त्यात ते वाक्य नाही. चीनमधल्या मावांगत्वेच्या थडग्यातून 1973 मध्ये निघालेल्या रेशमी प्रतींत पुस्तकाचे दोन्ही भाग उलट क्रमानं आलेत. तिथेही ते नाही.