बेंद्रे-हुसेन यांनी न खाल्लेले पोहे

इंदूरच्या मराठी घरांत एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातो. १९४९-५० च्या सुमारास एका मराठी कुटुंबानं इंदुरात छोटं उपाहारगृह काढलं आणि तिथंच इंदुरी पोहे जन्मले. चित्रकलेच्या शाळेत शिकणारे, पुढे नामवंत चित्रकार झालेले बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन त्याच बाकांवर पोहे खात बसायचे. आणि इंदुरी पोहे म्हणजे तरी काय, कांदेपोह्यांवर शेव!

उपाहारगृहाचं साल खरं धरू. मग चित्रकारांचं काय? ना. श्री. बेंद्रे १९१० चे, इंदूरचेच. इंदूरच्या चित्रकला शाळेतल्या देवळालीकर मास्तरांकडे शिकून १९३४ पर्यंत त्यांनी मुंबईची चित्रकलेची पदविकाही घेतली होती. १९५० मध्ये ते बडोद्याच्या ललित कला शाखेत शिकवायला गेले. हुसेन तिशीच्या दशकातच मुंबई गाठून सिनेमाचे फलक रंगवत होते. म्हणजे पहिली प्लेट भरली जाण्याआधी पंधरा वर्षं दोघांचं इंदुरातलं शिक्षण संपलेलं. पुढे घरी आल्यावर कधी खाल्ले असतील तर असोत. विद्यार्थी म्हणून खाल्ले नाहीत.

‘जन्म’ हा शब्दही जड आहे. १८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली. मराठी घरं शहरात तेव्हापासून आहेत. दडपे, दह्यातले, फोडणीचे पोहे त्या घरांत होतेच. उपाहारगृहांचं श्रेय वेगळं आहे, आणि ते लहान नाही: घरचा पदार्थ भल्या पहाटे प्लेटीत, जलेबीच्या जोडीनं विकायचा.

विकायचा म्हटलं की कृती बदलते. कांदेपोह्यांत कांदा परततात, हळद तेलात पडते, पोहे कढईतच वाफवतात. असे पोहे अर्ध्या तासात वातड होतात, कारण बुडाची कोरडी आच पाणी ओढत राहते. गाडीवर सहापासून अकरापर्यंत ते मऊ राहायला हवेत, म्हणून खाली उकळतं पाणी आणि वर पोहे.

घरी करायचे तर पाव किलो जाड पोहे घ्या. पातळ घेतले तर लगदाच होणार. चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्या. दाणा चिमटीत दबावा, पीठ होऊ नये. अर्धा चमचा हळद, एक चमचा मीठ, दोन चमचे साखर ओल्या पोह्यांनाच हलक्या हातानं लावा. हळद फोडणीत टाकली की काही दाणे पिवळे, काही पांढरे राहतात. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, अर्धा चमचा बडीशेप, थोडे भरड धणे, हिरवी मिरची. ही फोडणी वरून ओतून कालवा आणि चाळणी उकळत्या पाण्यावर आठ-दहा मिनिटं ठेवा. पाणी चाळणीला टेकलं तर खालचा थर चिकट होतो. झाकणाला फडकं बांधलं नाही तर वाफेचे थेंब वरचा थर बिघडवतात.

कांदा कच्चाच, वरून. जीरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, तोही वरूनच, कारण फोडणीत त्यातले मसाले करपतात. शेव मात्र प्लेट हातात देताना घालायची. वाफेवर दोन मिनिटं राहिली तरी ती मऊ पडते, आणि मग गिऱ्हाईक ‘शेव कालची आहे का?’ असं विचारतं.