वुडन पंधरा वर्षं हरत नव्हते

नेतृत्व आणि संयम या विषयांवर बोलणाऱ्यांची एक पोस्ट फार लाडकी आहे. दर काही महिन्यांनी ती नव्या फोटोसह फिरू लागते. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच जॉन वुडन पंधरा वर्षं अपयशी ठरले. तरी विद्यापीठानं त्यांना काढलं नाही. ते शांतपणे वाट पाहत राहिले. सोळाव्या मोसमात पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं आणि मग बारा वर्षांत एकूण दहा. ते कधी कुणावर चिडले नाहीत, फक्त कौतुक करत राहिले आणि चारित्र्याच्या बळावर जिंकले.

सोळावा मोसम, बारा वर्षं, दहा विजेतेपदं हे आकडे बरोबर आहेत. १९६४ ते १९७५ या काळात १९६६ आणि १९७४ वगळता दर वर्षी यूसीएलए जिंकलं. घोटाळा आहे तो या आकड्यांना जोडणाऱ्या गोष्टीत.

"पंधरा वर्षं अपयश." वुडन १९४८ साली आले तेव्हा आदल्या मोसमात संघानं १२ सामने जिंकले होते आणि १३ गमावले होते. त्यांच्या पहिल्याच मोसमात हिशेब झाला २२ विजय, ७ पराभव. दुसऱ्या मोसमात २४ आणि ७. १९५०, १९५२ आणि १९५६ साली संघ आपल्या कॉन्फरन्सचा (म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा) विजेता म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत गेला. १९६२ साली तो शेवटच्या चारांत होता आणि सिनसिनाटीकडून अवघ्या दोन गुणांनी हरला. त्या वर्षीचं विजेतेपदही सिनसिनाटीनंच घेतलं. सगळ्यात वाईट मोसम १९५९-६० चा, त्यातही १४ विजय आणि १२ पराभव. यूसीएलएमधल्या सत्तावीस मोसमांत पराभव विजयांहून जास्त झाले, असं एकदाही घडलं नाही.

शिवाय १९५० साली राष्ट्रीय स्पर्धेत संघच मुळी आठ असायचे. त्या काळात पश्चिम किनाऱ्यावर बिल रसेल या गाजलेल्या खेळाडूचा सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा संघ १९५५ आणि १९५६ असा लागोपाठ दोनदा जिंकला, १९५९ ला बर्कलीतलं कॅलिफोर्निया विद्यापीठ जिंकलं. शेजारी असे असताना विजेतेपद न मिळण्याला अपयश म्हणायचं, तर यश हा शब्द वापरायला फारसे कोच उरणार नाहीत.

वुडन यांचा खरोखर फसलेला मोसम वेगळाच आहे: केंटकीतल्या डेटन गावच्या हायस्कूलमधला, कोच म्हणून अगदी पहिला. ६ विजय, ११ पराभव. पोस्टमध्ये तो नाही.

"विद्यापीठानं काढलं नाही." काढायचा प्रश्न कुणाला पडला होता? उलट वुडनच निघाले होते. मुळात त्यांना मिनेसोटात जायचं होतं. तिकडचा फोन हिमवादळामुळे वेळेत आला नाही, तोवर त्यांनी यूसीएलएला होकार दिला होता. दोन वर्षांनी परड्यू या त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाचं बोलावणं आलं तेव्हा मन तिकडे ओढलं. पण तीन वर्षांचा करार करा, असा आग्रह त्यांनीच धरला होता आणि यूसीएलएनं तो आठवून दिला. म्हणून ते राहिले. निष्ठा म्हणा हवं तर, पण थोडीशी नाइलाजाची.

"शांतपणे वाट पाहिली." या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण यात कोचचं कामच गायब होतं. सुरुवातीच्या वर्षांत सरावाच्या हॉलमध्ये त्याच वेळी जिम्नॅस्टिक्स आणि कुस्तीही चालायची. फरशी वुडन स्वतः झाडायचे. १९५५ नंतर सुरक्षेच्या कारणावरून तिथे मोठी गर्दी जमवायला बंदी आली, आणि घरचे सामने कधी हायस्कूलच्या, कधी दुसऱ्या कॉलेजच्या हॉलमध्ये खेळावे लागले. (नवं भव्य पॉली पॅव्हेलियन आलं म्हणून जिंकले, असंही कुणीतरी म्हणतंच. ते उघडलं १९६५ मध्ये, पहिल्या दोन विजेतेपदांनंतर.)

मग १९६४ ला बदललं काय? बचाव. त्या संघात सुरुवातीला उतरणाऱ्या पाचांपैकी कुणीही साडेसहा फुटांच्या वर नव्हता. साहाय्यक कोच जेरी नॉर्मन यांनी झोन प्रेसचा आग्रह धरला: दोन खेळाडू पुढे, दोन मध्ये, एक मागे, आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्या मैदानात घेरायचं. दहा सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो, त्यामुळे समोरचे घाईत चुका करतात. प्रेस वुडन यांना नवा नव्हता, पूर्वी त्यांनी तो वापरला होता, पण यूसीएलएत तो संघाचा कणा झाला साहाय्यकाचं ऐकल्यावर. ड्यूक विद्यापीठाविरुद्धच्या अंतिम सामन्यात सुमारे अडीच मिनिटांत यूसीएलएनं ओळीनं १६ गुण केले आणि सामना ९८-८३ असा घेतला. मोसमात ३० पैकी ३० विजय. पुढे ल्यू अल्सिंडर (नंतरचे करीम अब्दुल-जब्बार) आणि बिल वॉल्टन हे असामान्य खेळाडू संघात आले. असे खेळाडू वाट पाहून येत नाहीत, त्यांना आणावं लागतं.

"फक्त कौतुक करायचे." इथे मोजमापच उपलब्ध आहे. १९७४-७५ मध्ये, वुडन यांच्या शेवटच्या मोसमात, रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे सराव बसून पाहिले आणि त्यांच्या २,३२६ शिकवण्याच्या कृती नोंदवल्या. कौतुक निघालं जेमतेम ७ टक्के. नाराजीही साधारण तेवढीच. तीन चतुर्थांश भाग होता निव्वळ माहितीचा: पाय कुठे, पास कधी, असं नको, असं कर. ते आधी बरोबर कृती करून दाखवायचे, मग खेळाडूनं केलेली चूक, मग पुन्हा बरोबर, आणि हे सगळं काही सेकंदांत. त्यामागे रोज सकाळी साहाय्यकांबरोबर बसून मिनिटामिनिटाचा आराखडा कार्डांवर उतरवणं होतं. आणि कधी न चिडण्याबद्दल म्हणाल, तर गुंडाळलेल्या कार्यक्रमपत्रिकेच्या आडून ते पंचांना काय काय ऐकवायचे, याच्या आठवणी भरपूर आहेत. त्यात शिवी नसायची, एवढं खरं.

"चारित्र्याच्या बळावर जिंकले." यात वुडन यांचं चारित्र्य आणि संघाचा कारभार या दोन गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. यूसीएलएच्या खेळाडूंभोवती सॅम गिल्बर्ट नावाचा धनाढ्य बांधकाम व्यावसायिक वुडन यांच्या काळापासून वावरत होता. त्याच्याशी संबंध तोडा, असं एनसीएए या कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संघटनेनं विद्यापीठाला १९८१ मध्ये, वुडन निवृत्त झाल्यावर, बजावलं. वुडन यांच्यावर स्वतः कारवाई झाली नाही, पण संघ धुतल्या तांदळासारखा होता असंही म्हणता येत नाही.

चारित्र्याचं उदाहरणच हवं असेल तर ते यूसीएलएच्या आधीचं आहे. १९४७ मध्ये ते इंडियाना स्टेट या कॉलेजचे कोच असताना त्यांच्या संघाला कॅन्सस सिटीतल्या लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण आलं. कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथे मनाई होती आणि संघात क्लॅरेन्स वॉकर होता. वुडन यांनी निमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी मनाई उठली, संघ गेला आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. अंतिम सामना ते लुईव्हिलकडून हरले.