उतार न मोजता लिहिलेले आकडे
गावच्या घराच्या माळ्यावर राहण्याजोगी खोली काढायची म्हणून मागवलेले हे तिसरे अंदाजपत्रक, आणि यातही छपराचा खर्च जमिनीच्या मापावरच काढला आहे! ३० अंशांच्या उतारावर ६०० चौरस फुटांच्या घराचे छप्पर जवळजवळ ६९३ भरते, भिंतीबाहेर येणारी वळचण वेगळीच, हे रोज कौले चढवणाऱ्यांना ठाऊक नसते असे मी मानायचे तरी कसे? मागल्या वर्षी पडवीची कौले उतरवली तेव्हा वासा बोटाने दाबताच वाळवीचा भुसा गळू लागला, आणि वासे, रिपा, मजुरी असे सगळेच एकदम ‘एक्स्ट्रा’ झाले. पाऊस तोंडावर आणि घर उघडे असताना घासाघीस करणार कोण? आधी माळ्यावर चढून वासे ठोकून बघा, उतारावर टेप धरा आणि मगच आकडा लिहा.