‘माशांचा कसला संसार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कन्व्हिक्ट सिक्लिड या टाकीत पाळायच्या पट्टेरी माशांच्या जोडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “संसार, आईबाप हे सगळं तुमच्या मनातलं. माझ्या दीड फुटी टाकीत नर-मादीने आधी अंडी खाल्ली आणि मग चार दिवसांत नराने मादीला मारून टाकलं. अंडी दिसताच बाजूला काढा, हे सांगायचं सोडून तुम्ही लोकांना भरीस घालता.”

मादी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्यात माझी एक चूक आहे. टाकी केवढी हवी हे मी लिहिलंच नव्हतं. माझी तीन फुटी आहे. मुंबईच्या घरांत तेवढी जागा सहज निघत नाही, हे लिहिताना माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

बाकीचं मात्र मला पटत नाही. मध्य अमेरिकेतल्या ओढ्यांत हे मासे भांडतात तेव्हा हरलेला पळून जातो, आणि जिंकलेला त्याला आपल्या हद्दीबाहेर घालवून परत फिरतो. दीड फुटात ‘हद्दीबाहेर’ असं काही उरतच नाही, सगळी टाकी नराची. मादी कितीही पळाली तरी त्याच्या डोळ्यांसमोरच. त्यातून टाकीत दोघंच असतील तर सगळा राग तिच्यावर. माझ्या टाकीतले झेब्रा डॅनिओ हे छोटे, चपळ मासे शोभेसाठी नाहीत. हाकलायला कुणीतरी परकं समोर असलं की नर-मादी एका बाजूला येतात. एकदा मी डॅनिओ दुसरीकडे हलवले, तर तीन दिवसांत मादीच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. परत सोडल्यावर नर पुन्हा धारावीच्या कुंभारवाड्यातून आणलेल्या कुंडीपाशी पहारा द्यायला लागला.

अंडी खाल्ली म्हणून ते वाईट आईबाप ठरत नाहीत. नव्या जोडीचं पहिल्या खेपेला असं बऱ्याचदा होतं. शिवाय पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात. त्यांची बुरशी शेजारच्या अंड्यांना लागू नये म्हणून ती वेचून खाणं ही राखणच आहे. दोन-तीन खेपा धीर धरा. मेथिलीन ब्लू या बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाच्या पाण्यात वेगळी ठेवलेली अंडीही फुटतात, हे खरं. पण मग मादी पंखांनी अंड्यांवर पाणी वारते, फुटलेली पिल्लं तोंडात धरून आधीच उकरलेल्या खड्ड्यात नेऊन ठेवते, भरकटलेलं पिल्लू नर तोंडात घेऊन थव्यात आणून सोडतो, हे काहीच दिसत नाही. मी टाकी ठेवतो ती हे पाहायला.

‘संसार’ हा शब्द मी जपूनच वापरला होता. 2019 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी कन्व्हिक्टच्या माद्यांना झाकणं उघडायला शिकवलं, एका रंगाच्या झाकणाखाली खाऊ, दुसऱ्या रंगाच्या रिकामं. मग मधल्याच रंगाचं झाकण ठेवलं. आपल्या पसंतीच्या नरापासून तोडलेल्या माद्या ते उघडायला जास्त वेळ घेत होत्या, जणू चांगलं काही निघेल ही आशाच कमी झाली होती. ही माझी कल्पना नव्हे. आपण कोकणात कालुंदर म्हणून ज्याला खातो तोही याच सिक्लिड कुळातला, आणि त्यातही नर-मादी दोघं मिळून पिल्लं राखतात.

सगळ्या सिक्लिडना मात्र हा शब्द लागू नाही, हे लेखात अधिक ठळक लिहायला हवं होतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या म्बुना या सिक्लिड माशांत जोडी नसतेच. मादी एकटीच सुमारे तीन आठवडे अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्या काळात जवळजवळ काही खात नाही. तिथे एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्या लागतात, नाहीतर एकटीवर सारखा ताण येतो. टांगानिका सरोवरातल्या एका जातीत तर मोठी झालेली पिल्लं घरीच राहून धाकट्यांना राखतात आणि दगडाखालची वाळू उपसतात.

आता तुमच्याकडे नर एकटाच उरला असेल. दीड फुटीच टाकी असेल तर कृपया दुसरी मादी आणू नका, तिचंही तेच होईल. तीन फुटी करायचं जमलं तर दुकानातून ‘जोडी’ म्हणून दोन मोठे मासे घेऊ नका. मी क्रॉफर्ड मार्केटमधून सहा लहान मासे आणून त्यांना आपसांत जुळू दिलं होतं. माझ्याकडे सध्या एक इंचाची पिल्लं आहेत. टाकी तयार झाली की कळवा, त्यातली सहा तुमच्यासाठी ठेवतो.