‘अर्धा दिवस बांबूत वाया गेला’ : आमचं उत्तर

नमस्कार ताई,

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमची तक्रार अशी की आमच्या सहलीत शांघायला येऊन अर्धा दिवस शहराच्या जियादिंग भागातल्या बांबू-कोरीवकाम संग्रहालयात गेला, सगळ्या वस्तू तपकिरी आणि एकसारख्या, ‘असलं काम आपले बुरूडही करतात’. शिवाय बाजारात बाबांना आवडलेलं ‘जुनं बांबूचं’ कलमदान आमच्या गाइडने घेऊ दिलं नाही.

बुरुडाच्या हाताला तोड नाही, पण ते काम बांबू चिरून विणायचं. इथे तोच बांबू कोरतात. मिंग राजवटीच्या काळात (1368-1644) जियादिंगच्या झू घराण्यात आजोबा झू हे, मुलगा झू यिंग आणि नातू झू झिझेंग या तीन पिढ्यांनी ही कला नावारूपाला आणली. झू यिंगची एक उदबत्तीची नळी 1966 मध्ये शांघायच्या बाओशान भागातल्या एका मिंगकालीन थडग्यात सापडली. वीतभरही उंची नाही तिची. तेवढ्यात डोंगर, पाइनचं झाड आणि पट मांडून बसलेली माणसं आहेत. औषधी वनस्पती शोधत तियानताइ डोंगरावर गेलेले दोघे अप्सरांकडे राहतात, घरी परततात तर मधे कितीतरी पिढ्या उलटलेल्या, अशी तिच्यावर कोरलेली कथा.

ज्या काचेसमोर गाइड ‘उगाच थांबला’ असं तुम्ही लिहिलंय, तिथे मनगट टेकवायच्या पट्ट्या होत्या. चिनी लिखाण वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे चालायचं. ओल्या शाईवर बाही घासू नये म्हणून उभ्या चिरलेल्या बांबूची ही पट्टी हाताखाली घ्यायची. त्यावर चित्र कसं उमटतं ते बघा : बांबूची हिरवी साल चित्रापुरती ठेवतात, बाकीची खरवडून काढतात. साल जेमतेम कागदाएवढी जाड. सतराव्या शतकातल्या झांग शीहुआंग या कारागिराने तेवढ्याशा थरातही कुठे पूर्ण, कुठे अर्धी, कुठे नुसती पुसट साल ठेवून धुकं दाखवलं. वर्षं जातात तसा आतला गर तांबूस तपकिरी होतो, साल फिकट पिवळी राहते आणि चित्र उठून दिसू लागतं. तुम्हाला जो एकसारखा तपकिरी रंग वाटला, त्यातच हे सगळं आहे. लांबून चालत गेलं तर दिसत नाही. म्हणून आमचा माणूस तिथे थांबतो आणि थांबायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

आता कलमदान. बांबू आडवा कापला की कापावर बारीक काळपट ठिपके दिसतात, सालीकडे दाट, आत विरळ. हे बांबूचे धागे. बाबांनी हातात घेतलेल्या कलमदानाच्या काठावर एकही ठिपका नव्हता आणि कोरलेल्या प्रत्येक रेघेची कड गोलसर होती. ते साच्यात ओतलेलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं काहीतरी होतं. विक्रेता त्याला दोनशे वर्षांचं म्हणत होता. बाबांचा हिरमोड झाला याचं मलाही वाईट वाटतं, पण आमच्या पाहुण्याचे पैसे असे जाऊ देणार नाही. आम्ही कुठल्याही दुकानाकडून कमिशन घेत नाही.

दिवसाचा कार्यक्रम बुकिंगआधी तुम्हाला पाठवला होता, त्यात जियादिंगची वेळ लिहिलेली होती. त्यामुळे अर्ध्या दिवसाचे पैसे परत करता येणार नाहीत. नुसतं शहर बघायचं असेल तर आमची वेगळी सहल आहे, पुढच्या वेळी ती घ्या. या सहलीतून जियादिंग मात्र मी काढणार नाही.